डॉर्नफेल्डर फसली, आता पुढे काय: रीसलिंगपलीकडच्या जर्मन वाइन

तुम्ही लिहिले आहे की पुण्याहून श्टुटगार्टला येऊन तुम्हाला चार वर्षे झाली, रीसलिंग ही जर्मनीची नावाजलेली पांढरी वाइन तुम्ही आवडीने पिता, परंतु त्यापलीकडचे काही चाखावे म्हणून सुपरमार्केटमधून आणलेली डॉर्नफेल्डर या लाल वाइनची बाटली जांभळाच्या सरबतासारखी गोड निघाली आणि पाहुण्यांसमोर पंचाईत झाली. तेव्हा फारसे नाव नसलेले जर्मन द्राक्षवाण खरोखर पिण्याजोगे आहेत का, आणि असल्यास सुरुवात कोठून करावी, असा तुमचा प्रश्न आहे. गेली सोळा वर्षे मी माइन्झमध्ये वाइनच्या एका दुकानासाठी बाटल्या निवडण्याचे काम करते, आणि वर्षातले निदान साठ दिवस माझे मळेवाल्यांच्या तळघरांत जातात. माझे उत्तर होकारार्थी आहे, मात्र त्याला एक अट आहे. वाणाचे नाव पाठ करून दुकानातल्या फळ्या धुंडाळण्यापेक्षा तो वाण ज्या खोऱ्यात रोजच्या जेवणाबरोबर प्यायला जातो, त्या खोऱ्यात एकदा जाऊन बसावे. जर्मनीत १३ अधिकृत वाइनप्रदेश आहेत, आणि रीसलिंग बाजूला ठेवली तर जवळजवळ प्रत्येकाचा एखादा घरचा वाण आहे; त्याची चांगली बाटली सहसा त्या प्रदेशाची वेस ओलांडत नाही, ती तिथल्या तिथे संपते.

आधी त्या फसलेल्या बाटलीचा निकाल लावू. डॉर्नफेल्डर हा वाण तुमच्या घरापासून फार दूर जन्मलेला नाही. हाइलब्रोनशेजारी वाइन्सबर्ग नावाचे गाव आहे, तेथील द्राक्षविद्यालयात आउगुस्ट हेरोल्ड यांनी १९५५ मध्ये हा संकर केला आणि त्याला विद्यालयाचे संस्थापक इमानुएल डॉर्नफेल्ड यांचे नाव मिळाले. त्या काळी जर्मन लाल वाइन फिकट निघत असत, आणि त्यांत मिसळून रंग चढवायला गडद रसाचा वाण हवा होता; डॉर्नफेल्डर त्या कामासाठी होता, एकट्याने बाटलीत बसण्यासाठी नव्हे. तरीही तुमची फसगत त्या वाणामुळे झाली नसावी. बाटलीवर कोठेतरी ‘लिब्लिश’ हा शब्द असणार, तो पाहा. ‘ट्रॉकन’ म्हणजे कोरड्या वाइनमध्ये लिटरमागे जास्तीत जास्त ९ ग्रॅम साखर चालते, ‘हाल्बट्रॉकन’मध्ये १८ पर्यंत, आणि ‘लिब्लिश’मध्ये ४५ पर्यंत. त्या कमाल मर्यादेला टेकलेल्या वाइनचा दोनशे मिलिलिटरचा पेला म्हणजे दोन चहाचे चमचे साखर झाली. मटणाबरोबर ती कशी लागेल, हे तुम्ही अनुभवलेच आहे.

मला मात्र त्या डॉर्नफेल्डरची वंशावळ जास्त महत्त्वाची वाटते. तिचे आईबाप स्वतःच संकरित, आणि आजी-आजोबा चार: फ्र्यूबुर्गुंडर, ट्रोलिंगर, पोर्तुगीझर आणि लेम्बर्गर. तुम्ही नातवंडाला भेटून नाराज झालात. मी तुम्हाला पाठवणार आहे ते या आजी-आजोबांकडे, आणि त्यांतले तीन तर मनापासून भेटण्याजोगे आहेत.

या जुन्या वाणांची नावे झाकोळली कशी, हे थोडक्यात सांगून पुढे जाते. १९७१ च्या जर्मन वाइन कायद्याने बाटलीचा दर्जा प्रामुख्याने रसातल्या साखरेवर ठरवला. नाशिकचे बागायतदार जसे ब्रिक्स मोजतात तसे इथे ऑक्सले अंश मोजतात, आणि जितके अंश अधिक तितकी पदवी वरची. साहजिकच लवकर पिकणाऱ्या, भरपूर साखर धरणाऱ्या आणि भरघोस घड देणाऱ्या नव्या संकरांची चलती झाली, चांगल्या उतारांबरोबर सपाट शेतजमिनीतही वेली उभ्या राहिल्या, आणि जे बाहेर गेले ते बहुतांशी स्वस्त, गोडसर आणि एकाच चवीचे. वर्म्स शहरातल्या लीबफ्राउएनकिर्शे या चर्चभोवतालच्या मळ्यावरून ज्या वाइनला नाव मिळाले, ती लीबफ्राउमिल्श अखेरीस जगभर कोणत्याही गोड जर्मन मिश्रणाचे नाव होऊन बसली. पुढच्या पिढीने कोरड्या वाइनकडे तोंड वळवले त्याला आता तीसेक वर्षे झाली, परंतु बाहेरच्या ग्राहकाच्या डोक्यातली गोडी काही उतरलेली नाही.

तुम्ही श्टुटगार्टला आहात हे तुमचे भाग्य, कारण मोटारकारखान्यांच्या मागेच डोंगरउतारावर वेली असलेले असे मोठे शहर जर्मनीत दुसरे शोधून काढावे लागेल. शहर पालिकेची स्वतःची वाइनरीसुद्धा आहे. एखाद्या शनिवारी लोकल गाडीने ओबरट्युर्कहाइमला उतरा, चालत उल्बाखला जा, आणि दारावर केरसुणी टांगलेले घर शोधा. ती केरसुणी म्हणजे ‘बेझन’, आणि घर म्हणजे मळेवाल्याने काही आठवडे उघडलेली खानावळ. कायद्याने तिला वर्षातून चार महिनेच उघडी राहण्याची आणि चाळीस आसने मांडण्याची परवानगी आहे. वाइन घरचीच असावी लागते. तेथे ट्रोलिंगर मागा. पाव लिटरचा कान असलेला काचेचा पेला येईल, त्याला तिथले लोक ‘फियर्टेले’ म्हणतात. रंग पाहून तुम्हाला वाटेल की कोणीतरी पाणी घातले आहे. माझाही पहिल्या वेळी तोच समज झाला होता, आणि मी मागच्या बाकावरच्या आजोबांकडे शंकेने पाहिले, तर ते दुसरा पेला मागवत होते. ट्रोलिंगर गंभीर वाइन नाही आणि तसा तिचा दावाही नाही. ती थोडी थंड करून, दाट मसूर आणि श्पेट्सले या तिथल्या घरगुती शेवयांबरोबर प्यायची असते. आपल्याकडे ती थालीपीठ आणि लोण्याबरोबर जमते. आल्प्समधल्या तिरोल प्रदेशातून आल्यामुळे तिचे हे नाव पडले असे मानतात, दक्षिण तिरोलमध्ये तीच ‘फेरनाच’ म्हणून ओळखली जाते. लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात १७६८ मध्ये लावलेली जी अवाढव्य वेल पर्यटक पाहायला जातात, तीही याच वाणाची आहे. तिथे तिची द्राक्षे खातात.

लेम्बर्गर हे मात्र वेगळे प्रकरण आहे. ऑस्ट्रियात ‘ब्लाउफ्रेंकिश’ आणि हंगेरीत ‘केकफ्रांकोश’ म्हणतात तोच हा वाण, आणि जर्मनीतली त्याची जवळजवळ सगळी लागवड व्युर्टेम्बर्गमध्ये म्हणजे तुमच्या प्रदेशातच आहे. पहिल्या घोटाला आंबट चेरी, मग मिरपूड, आणि शेवटी आमसुलासारखी एक आंबट किनार जिभेच्या कडेला रेंगाळते. त्या आंबटपणामुळेच तिखट-मसालेदार मटणाखाली ती दबून जात नाही. पहिल्या भेटीत कमी किमतीची आणि लाकडी पिंपात फार न मुरलेली घ्यावी, कारण महागड्या बाटल्यांत कधीकधी वाणाच्या आधी ओकचाच वास येतो, आणि माझ्या मते काही मळेवाल्यांनी त्या बाबतीत हात आखडता घेतला तर बरे होईल. याच भागात ‘श्वार्त्सरीसलिंग’ नावाची लाल वाइनही मिळेल. तिचा रीसलिंगशी काही संबंध नाही. शँपेनमधल्या तीन मुख्य वाणांपैकी पिनो म्युनिए तो हाच. पानांच्या खालच्या बाजूला पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी लव असते, म्हणून त्याला ‘म्युलररेबे’, म्हणजे पिठाच्या गिरणीवाल्याची वेल, असेही नाव आहे.

आता पांढऱ्या वाइनकडे येते, आणि इथे मला थोडे सविस्तर लिहू द्या, कारण रीसलिंगनंतर एकच जर्मन वाण घेऊन बेटावर राहायचे झाले तर मी सिल्व्हानर निवडेन. सिल्व्हानरची रोपे एप्रिल १६५९ मध्ये ऑस्ट्रियातून फ्रांकन प्रदेशातील कास्टेल गावी आली. पंचवीस रोपे होती, आणि त्याची नोंद आजही उपलब्ध आहे. एकेकाळी हा जर्मनीत सर्वाधिक लावला जाणारा वाण होता, पुढे म्युलर-थुरगाउ आणि रीसलिंगने त्याला मागे टाकले. त्याच्याबद्दल तक्रार एकच असते, की त्याला स्वतःचा वास नाही. ही तक्रार खरी आहे. सपाट जमिनीत भरपूर घड ठेवून काढलेला सिल्व्हानर बेचव लागतो, मी असे कितीतरी नमुने थुंकून पुढे गेले आहे. परंतु वास नसल्यामुळेच त्याच्यात माती बोलते, आणि हे तुम्ही स्वतः एका संध्याकाळी तपासू शकता. एकाच मळेवाल्याच्या, एकाच वर्षाच्या, दोन वेगळ्या जमिनींच्या बाटल्या घ्या: एक व्युर्ट्सबुर्गच्या आसपासच्या शिंपल्यांच्या चुनखडीवरची, ज्या दगडाला ‘मुशेलकाल्क’ म्हणतात, आणि दुसरी पूर्वेकडच्या इपहोफेनच्या बाजूची, ‘कॉयपर’ या जिप्समयुक्त चिकणमातीवरची. पहिली सडसडीत लागेल, ओल्या पाटीवर खडू घासल्यासारखी. दुसरी भरदार, किंचित गवताच्या वासाची, आणि पेल्यात अर्धा तास राहिली तर चक्क मऊ होईल. दोन्ही ट्रॉकन घ्याव्यात, आणि फ्रिजमधून काढून वीस मिनिटे बाहेर ठेवाव्यात, कारण फार गार सिल्व्हानर मुकी असते.

व्युर्ट्सबुर्गला जायला तुम्हाला एका दिवसाची सवड पुरेल. तेथील श्टाइन नावाचा चढा उतार रेल्वेस्थानकाच्या मागूनच सुरू होतो. शहरातल्या मोठ्या तळघरांपैकी दोन धर्मादाय संस्थांची आहेत: बुर्गरश्पिटाल चौदाव्या शतकातले, आणि युलियुसश्पिटाल १५७६ चे; मळ्यांचे उत्पन्न रुग्णालयाला आणि वृद्धांच्या देखभालीला लागावे, या हेतूने ते त्यांना जोडलेले आहेत. या उताराच्या नावावर एक विलक्षण नोंदही आहे. १५४० या कडक उन्हाळ्याच्या वर्षीची एक श्टाइन वाइन १९६१ मध्ये लंडनला उघडली गेली, आणि ती हवेशी संपर्क येऊन मरण्यापूर्वी काही क्षण खरोखर जिवंत होती, असे चाखणाऱ्यांनी लिहून ठेवले आहे. विक्रेते ही गोष्ट सिल्व्हानरच्या नावावर खपवतात, पण त्या वर्षी सिल्व्हानर फ्रांकनमध्ये यायला अजून शंभराहून अधिक वर्षे होती. एकाच मळ्यात मिसळून लावलेल्या वाणांची ती वाइन असावी. संध्याकाळी माइन नदीवरच्या जुन्या दगडी पुलावर जा. पुलाच्या टोकाला पेला भरून मिळतो, पेल्याची अनामत ठेवावी लागते, आणि अर्धे गाव संतांच्या पुतळ्यांखाली उभे राहून पीत असते. त्या पेल्यातली सिल्व्हानर साधीच असते. तरी तिथे प्यायल्याशिवाय हा वाण रोजच्या पिण्याचा आहे म्हणजे काय, ते ध्यानात येत नाही. घरी तिच्याबरोबर वसंतात पांढरा श्पार्गेल, म्हणजे ॲस्परॅगस, खातात. मी दुधी-चणाडाळीच्या भाजीबरोबर, आणि रविवारी वरण-भात-तुपाबरोबर पिते.

शॉयरेबे हा सिल्व्हानरच्या नेमका उलट स्वभावाचा वाण, सगळे काही वासात. गेऑर्ग शॉय यांनी १९१६ मध्ये राइनहेसनमधील आल्त्साय येथे तो तयार केला. कित्येक दशके सिल्व्हानर आणि रीसलिंगचे ते अपत्य मानले जाई, परंतु जनुकीय तपासणीत रीसलिंगबरोबरचा दुसरा पालक बुकेटरेबे निघाला, आणि त्या बुकेटरेबेचे आईबाप कोण, तर सिल्व्हानर आणि तुमच्या बेझनमधली ट्रोलिंगर. पूर्ण पिकलेल्या शॉयरेबेच्या पेल्यात नाक घातले की सोललेले पपनस आठवते, त्याच्या पांढऱ्या सालीच्या कडवट वासासकट. घाईने तोडलेल्या फळाची असेल तर मात्र मांजर घरात येऊन गेल्यासारखा वास येतो, म्हणून ही बाटली अनोळखी ठिकाणी घेऊ नये. नव्या संकरांविषयी माझे मत एकंदरीत फारसे अनुकूल नाही, पण शॉयरेबेला मी त्यातून वगळते, आणि रिस्लानरलाही: सिल्व्हानर आणि रीसलिंगचे हे खरे अपत्य, शंभर हेक्टरांहूनही कमी जागेत उरलेले, पिकवायला हट्टी, पण गोड वाइनमध्ये जर्दाळूच्या गोडीला अशी धार देणारे की एका छोट्या पेल्यावर जेवण संपवता येते. हिरव्या वाटणाची कोळंबी, म्हणजे कोथिंबीर, आले, मिरची, असे काही असेल तेव्हा किंचित साखर राखलेली शॉयरेबे रीसलिंगपेक्षाही बरी पडते. तिखटावर पूर्ण कोरडी आणि जास्त अल्कोहोलची वाइन ओतली की आग वाढते, हे ध्यानात ठेवावे.

दक्षिणेला फ्रायबुर्ग आणि बाझलच्या मधल्या मार्कग्रेफ्लरलांडमध्ये गुटएडेल आहे. स्वित्झर्लंडमध्ये ज्याला शासला म्हणतात तो हा वाण. बाडेनचे मार्कग्राफ कार्ल फ्रीडरिश यांनी १७८० मध्ये जिनिव्हा सरोवराकाठच्या व्हवे गावातून त्याची रोपे आणवली असे सांगतात. आम्लता कमी, अल्कोहोल कमी, चव ओल्या बदामाची, आणि आयुष्य वर्ष-दोन वर्षांचे. एल्बलिंग त्याच्या उलट टोकाला: मोझेल नदीच्या वरच्या भागात, लक्झेंबर्गच्या समोर, पाटीच्या दगडाऐवजी चुनखडीवर वाढणारा, लिंबासारखा आंबट वाण. रोमनांनी तो आणला अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. एल्बलिंगची साधी वाइन कांदाभजीबरोबर किंवा तळलेल्या बोंबलांबरोबर झकास, आणि तिची बाटलीतच आंबवलेली ‘विन्झरझेक्ट’, जी किमान नऊ महिने यीस्टच्या गाळावर ठेवावी लागते, ती तर फेसाळ वाइनमधला सर्वांत प्रामाणिक सौदा आहे.

फ्र्यूबुर्गुंडर हा पिनो न्वार या लाल वाइनच्या वाणाचाच लवकर पिकणारा प्रकार. घड लहान आणि उत्पन्न बेभरवशाचे, म्हणून गेल्या शतकात तो जवळपास नाहीसा झाला होता. बॉनच्या दक्षिणेकडील आर नदीच्या अरुंद खोऱ्यात तो टिकला. जुलै २०२१ च्या महापुरात त्या खोऱ्यातली तळघरेच्या तळघरे वाहून गेली. चिखलाने माखलेल्या ज्या बाटल्या वाचल्या, त्या न धुता मदतनिधीसाठी विकल्या गेल्या. माझ्याकडे एक आहे, अजून उघडलेली नाही. या वाइनसाठी पैसे थोडे जास्त मोजावे लागतात.

शेवटी, ‘पिवी’ म्हणवणारे रोगप्रतिकारक वाण: रेगंट, सोलारिस, सुव्हिन्ये ग्री. भुरी आणि डाउनी हे वेलीचे बुरशीजन्य रोग म्हणजे काय हे नाशिककडच्या कोणत्याही बागायतदाराला विचारा, म्हणजे फवारण्या निम्म्यावर आणणाऱ्या वाणाचे मोल कळेल. चवीत मात्र अजून सगळेच पटलेले नाहीत. त्यांत सुव्हिन्ये ग्री मला सर्वांत आश्वासक वाटते.

खरेदी करताना ट्रॉकन शब्दाखेरीज दोन गोष्टी पाहाव्यात. ‘गुट्सआबफ्युलुंग’ असे लिहिले असेल तर द्राक्षे आणि बाटली दोन्ही त्याच मळ्याची. आणि ‘ए. पी.’ या सरकारी तपासणी क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे तपासणीचे वर्ष सांगतात; गुटएडेल, एल्बलिंग किंवा ट्रोलिंगरवर ते चार वर्षांपूर्वीचे असतील तर बाटली परत ठेवा, चांगल्या उतारावरच्या सिल्व्हानरवर असतील तर दोन घ्या. शरद ऋतूत रस्तोरस्ती ‘फेडरवाइसर’ मिळेल, अर्धवट आंबलेला, ढगाळ, गोड रस, ‘झ्विबेलकुखन’ या कांद्याच्या खाऱ्या केकबरोबर पिण्याचा. वायू बाहेर पडावा म्हणून त्याचे झाकण मुद्दाम सैल ठेवलेले असते. मी पहिल्या वर्षी ती बाटली पिशवीत आडवी टाकून गाडीत बसले, आणि माझा हिवाळी कोट त्या वर्षी दोनदा धुलाईला गेला.

पुढच्या वेळी पाहुणे आले की आधी सिल्व्हानर काढा, त्यांना नाव न सांगता. मटण वाढल्यावर लेम्बर्गर, साधारण सोळा अंशांवर. गोड आवडणारे कोणी असेल तर त्याच्यासाठी शॉयरेबेची श्पेटलेझ, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची वाइन, बाजूला ठेवावी आणि ती जेवण संपल्यावरच उघडावी. भारतात जाताना जकातीविना दोनच लिटर नेता येते. अशा वेळी फ्रांकनची चपटी बॉक्सबॉयटेल बाटली निवडावी. ती कपड्यांच्या घड्यांमध्ये सपाट बसते, मी आजवर अशा पंधराएक नेल्या असतील, एकही फुटलेली नाही.